नाट्यसंगीताचा पहिला महिना: काय वाचावं, काय पाहावं, काय ऐकावं

नाट्यसंगीत ऐकायला बसलेला नवखा माणूस बऱ्याचदा पहिल्या पंधरा मिनिटांत उठतो. यात त्याचा काही दोष नसतो. त्याच्या हाती 'निवडक नाट्यगीते' अशी एखादी मालिका लागते. एकामागून एक वीस पदं वाजतात, प्रत्येकात ताना (भराभर घेतलेल्या सुरांच्या लडी), प्रत्येकात कुणी नाथ, कुणी सखा, कुणी रमणी; आणि कोण, कुणाला, कशासाठी सांगतंय याचा काही पत्ता लागत नाही. नाट्यपद हे संवादाचं पुढचं वाक्य असतं. आधीची वाक्यं कानावर पडलेली नसली तर उरते ती नुसती गायकी, आणि शास्त्रीय गाण्याची सवय नसलेल्याला ती पंधरा मिनिटांपुढे धरून ठेवत नाही.

म्हणून या महिन्याचा क्रम ठरलेला आहे: आधी नाटक वाचायचं, मग त्यातली पदं ऐकायची, आणि सिनेमा शेवटी पाहायचा. हा क्रम उलटा करू नका. सिनेमा आधी पाहिला की त्यातले चेहरे आणि आवाज मनात पक्के बसतात आणि मूळ ध्वनिमुद्रणं नंतर परकी वाटू लागतात.

सुरुवातीची तयारी

रोज पाऊण तास आणि आठवड्यातून एकदा सलग तीन तास एवढा वेळ बाजूला काढा. रोजच्या पाऊण तासात अर्धा तास वाचन आणि पंधरा मिनिटं गाणं. पंधरा मिनिटं कमी वाटतील, पण त्यात फक्त एकच पद ऐकायचं आहे, तीन वेळा. पहिल्यांदा शब्द समोर ठेवून. दुसऱ्यांदा पुस्तक मिटून. तिसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी, नवं पद सुरू करण्याआधी. एका बैठकीत दहा पदं ऐकली तर एकही लक्षात राहत नाही.

पुस्तकं मिळवण्यात अडचण नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर या सगळ्यांची नाटकं आता मुक्त आहेत आणि इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती भरपूर सापडतात. मुंबईत दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचं नगर वाचन मंदिर अशा जुन्या वाचनालयांत नाटकांची कपाटं असतात. तिथे ग्रंथपालांना विचारा, ते आवडीने काढून देतात. शब्दांसाठी 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ पुरेसं आहे. तिथे पदाखाली नाटक, गीतकार, संगीतकार, गायक आणि बहुतेक वेळा रागही दिलेला असतो.

आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे वही. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

पहिला आठवडा: कट्यार

सुरुवात जुन्या नाटकापासून करू नका. 'कट्यार काळजात घुसली' घ्या. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक 1967 साली रंगभूमीवर आलं. त्याला संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांड्यांची. भाषा आजची आहे, आणि मुख्य म्हणजे नाटकाचा विषयच गाणं आहे. पात्रं गवई आहेत, त्यामुळे ती मध्येच का गाऊ लागतात हा नवख्याला नेहमी पडणारा प्रश्न इथे पडतच नाही.

विश्रामपूर संस्थानात राजगायक निवडण्यासाठी स्पर्धा होते. जिंकणाऱ्याला मान, हवेली आणि एक कट्यार मिळते. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ असतो. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन अशी दोन घराणी (गाण्याच्या परंपरा), दोन स्वभाव आमनेसामने येतात. पहिले तीन दिवस फक्त वाचा. पद आलं की शब्द वाचून पुढे जा, ऐकायला थांबू नका. समासात पेन्सिलीने एवढंच लिहा: कोण म्हणतंय, कुणासमोर, आणि त्याच्या आधी नुकतंच काय घडलंय.

चौथ्या दिवशी 'या भवनातील गीत पुराणे' वसंतरावांच्या आवाजात ऐका. नाटक न वाचलेल्याला हे एक जोरकस, चढत जाणारं गाणं वाटेल. तुम्ही मात्र वाचलेलं असेल, की ही हवेली कालपर्यंत पंडितजींची होती आणि आज तिचा ताबा खाँसाहेबांकडे आलाय. भवन म्हणजे हीच हवेली. जुने, मवाळ, हळवे सूर इथून दूर जाऊ द्या, असं तो माणूस म्हणतोय ते प्रत्यक्ष पंडितजींच्या गाण्याबद्दल. आता वसंतरावांची तान ऐका. तिच्यात विजय आहे, आणि बराच काळ साठलेला अपमानही आहे. सूर तेच असतात, पण प्रसंग माहीत असला की तुम्हाला ते पात्राच्या तोंडून ऐकू येतात. या एका पदावर दोन दिवस घालवले तरी चालतील. पुढचा सगळा महिना याच सवयीवर उभा राहायचा आहे.

त्यानंतर 'घेई छंद मकरंद'. याच्या दोन चाली आहेत. एक प्रसाद सावकारांनी गायलेली, दुसरी वसंतरावांनी, सालगवराळी रागातली. शब्द तेच, फुलातल्या मधाच्या नादी लागलेल्या भुंग्याचे. दोन्ही लागोपाठ ऐका आणि एकाच गोष्टीकडे लक्ष द्या: कुठला गायक शब्दाजवळ थांबतो आणि कुठला शब्द मागे टाकून सुरांत शिरतो. राग ओळखता आला नाही तरी हरकत नाही. दोन घराण्यांच्या वृत्तीतला फरक अभिषेकींनी चालींतच बांधून ठेवला आहे आणि तो साध्या कानालाही कळतो.

रविवारी सिनेमा पाहा. सुबोध भावेंनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 2015 चा. त्यात अभिषेकींच्या जुन्या चालींबरोबर शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणीही आहेत. खाँसाहेबांच्या भूमिकेत सचिन पिळगावकर आहेत आणि त्यांच्यासाठी गायलेत वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. महेश काळे यांना 'अरुणी किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो याच चित्रपटातला. पाहताना पुस्तक जवळ ठेवा. नाटकातलं कुठलं पद सिनेमात राहिलं, कुठलं गेलं, कुठल्या जागी नवं आलं, एवढी टाचणं करा. रंगमंचावर जे पात्राच्या तोंडून कळतं ते सिनेमाला दाखवावं लागतं, आणि हा बदल गाण्याच्या लांबीवर काय परिणाम करतो हे टाचणं करताना आपोआप लक्षात येतं.

वही कशी ठेवावी

ऐकल्याच दिवशी लिहायचं, आणि थोडंच लिहायचं. मोठं रसग्रहण लिहायला गेलं की चार दिवसांत वही बंद पडते. एका नोंदीत पाच गोष्टी पुरतात: पद आणि नाटक, कोण कुणाला म्हणतं, गायक, राग आणि ताल (माहीत असल्यास), आणि आज कानाला काय लागलं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. उदाहरणार्थ:

'नाथ हा माझा. स्वयंवर. रुक्मिणी. बालगंधर्व. यमन. मुद्रण खरखरीत, पहिल्यांदा शब्द लागले नाहीत. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा "नाथ" शब्दावरची छोटी मुरकी दर वेळी वेगळी वाटली. उद्या फक्त तेवढंच ऐकायचं.'

(मुरकी म्हणजे सुरांचं झटकन घेतलेलं छोटं वळण.) अशी नोंद दुसऱ्या दिवशी काय करायचं तेही सांगते. 'अप्रतिम', 'स्वर्गीय', 'अंगावर काटा' हे शब्द वहीत येऊ देऊ नका. ते खोटे असतात असं मुळीच नाही, पण महिन्याने वाचले तर त्यातून काही आठवत नाही.

दुसरा आठवडा: सौभद्र

आता मागे जायचं. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चा प्रयोग झाला, आणि संगीत नाटकाचा आपला इतिहास तिथून मोजला जातो. पण वाचायला घ्या ते 'सौभद्र', 1882 चं. यात शंभराहून जास्त पदं आहेत. हा आकडा ऐकून घाबरू नका. त्या काळातली बरीच पदं दोन-चार ओळींची, साकी-दिंडीसारख्या छंदांतली आहेत; ती म्हणजे लयीत बोललेला संवाद.

जुन्या छापील प्रतीत दोन गोष्टी नव्या वाटतील. एक म्हणजे अनुस्वारांची जुनी पद्धत: 'नाहीं', 'करूं', 'कसें'. दोन पानांत डोळा सरावतो. दुसरी जास्त मोलाची: पदाच्या डोक्यावर 'चाल' लिहून पुढे कुठल्या तरी दुसऱ्याच गाण्याचे सुरुवातीचे शब्द दिलेले असतात. त्या काळात संगीतकार असा वेगळा माणूस नव्हता. किर्लोस्करांनी कीर्तनातल्या, लावणीच्या, कर्नाटकातल्या, लोकांच्या ओठांवर असलेल्या चाली घेतल्या आणि त्यांवर नवे शब्द बसवले. प्रेक्षकाला चाल आधीच ओळखीची होती, म्हणून त्याचं सगळं लक्ष शब्दांकडे राहत असे. ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. महाराष्ट्र तेव्हा काय गुणगुणत होता ते तिथे छापलेलं आहे.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. सुभद्रेचं अर्जुनावर प्रेम, बलरामाच्या मनात दुर्योधन, आणि मध्ये कृष्णाचं कारस्थान. त्यामुळे गद्य भराभर वाचून होतं, आणि ते खरंच खेळकर आहे. ऐकण्यासाठी तीन पदं पुरेत: अर्जुनाचं 'बहुत दिन नच भेटलो सुंदरीला', सुभद्रेचं 'वद जाऊ कुणाला शरण' आणि कृष्णाचं 'प्रिये पहा'.

'प्रिये पहा' छोटा गंधर्वांच्या आवाजात ऐका. कृष्ण रुक्मिणीला पहाट दाखवतोय. आधी शब्द सावकाश वाचा: गार वारा सुटलाय, दिव्यांचं तेज मंद होतंय, दिशा उजळताहेत, पाखरं बोलू लागलीत. आधी अंगाला जाणवणारं, मग खोलीतलं, मग बाहेरचं, असा हा क्रम आहे. छोटा गंधर्व ते कुठेही घाईने म्हणत नाहीत. स्वर गोल, मऊ, जवळच्या माणसाशी बोलावं तसा. ज्यांना ताना ऐकून दडपण येतं त्यांनी या पदापासून सुरुवात केली तरी चालेल.

याच आठवड्यात तालाची तोंडओळख करून घ्या. सगळे ताल शिकायची गरज नाही. त्रिताल तेवढा घ्या: सोळा मात्रा (म्हणजे ठोके), पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायचा. मांडीवर हाताने धरा. पदाचा मुखडा (सुरुवातीचा, पुन्हापुन्हा येणारा भाग) फिरून कुठल्या मात्रेवर येऊन टेकतो तेवढं शोधा. ती मात्रा म्हणजे सम. ती एकदा सापडली की तान म्हणजे नुसता गोंधळ राहत नाही. ती कुठून निघाली आणि कुठे पोचायची आहे ते कळू लागतं.

'सौभद्रा'वरचा सिनेमा शोधत बसू नका. त्याऐवजी त्या रविवारी नाटकाच्या प्रयोगाचं चित्रण पाहा. आजचे प्रयोग कापून बेतलेले असतात. पुस्तकातली कुठली पदं गेली ते पाहताना पेन्सिलीने खूण करा.

तिसरा आठवडा: गंधर्वांचा काळ

हा आठवडा कठीण आहे आणि सर्वात समृद्धही. इथे दोन नाटकं, दोन्ही कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची: 'मानापमान' (1911) आणि 'स्वयंवर' (1916). पूर्ण वाचायचं ते 'मानापमान'. श्रीमंत घरातली भामिनी शूर पण गरीब धैर्यधराला नाकारते आणि पुढे वेष पालटून त्याच्याच सहवासात राहते. 'स्वयंवरा'तले फक्त रुक्मिणीचे प्रवेश वाचले तरी चालेल.

मागच्या आठवड्यापेक्षा काय बदललं ते लगेच जाणवेल. आता पदाच्या डोक्यावर राग आणि ताल येऊ लागतात, कारण आता चाली देणारे लोक वेगळे आहेत. 'मानापमान'ला गोविंदराव टेंबे आणि 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखले. बखल्यांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम घेतली होती. त्यांनी ख्यालाच्या, म्हणजे शास्त्रीय रागगायनातल्या, बंदिशींवर (बांधलेल्या रचनांवर) खाडिलकरांचे शब्द बसवले. त्यामुळे दरबारात आणि खाजगी बैठकींत चालणारं गाणं तिकीट काढून आलेल्या कारकून-दुकानदारापर्यंत पोचलं. महाराष्ट्रात शास्त्रीय गाण्याचा एवढा मोठा श्रोता तयार झाला त्यात या नाटकांचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

'नाथ हा माझा' यमनमध्ये, 'मम आत्मा गमला हा' बिहागात, 'स्वकुलतारकसुता' भीमपलासीत. तीन दिवस तीन पदं, आणि प्रत्येक पदानंतर त्याच रागातला एखादा छोटा (जलद लयीतला) ख्याल, कुठल्याही गायकाचा. पद हे रागाचं दार म्हणून वापरा. पदाची चाल डोक्यात ताजी असताना ख्याल ऐकला की 'हे तर ओळखीचं आहे' असं दोन-तीन ठिकाणी वाटतं, आणि एका दिवसासाठी तेवढं खूप झालं.

बालगंधर्वांची मुद्रणं ऐकताना थोडा धीर धरा. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. रंगमंचावर 'वन्स मोअर' घेत घेत कितीतरी वेळ खुलणारं पद त्यांनी त्या तीन मिनिटांत बसवलं आहे. शिवाय तेव्हा प्रेक्षागृहात ध्वनिक्षेपक नव्हते; आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्याने पोचवावा लागे. चांगला हेडफोन लावा, आवाज फार मोठा करू नका, आणि खरखरीच्या पलीकडे शब्दांचे उच्चार ऐका. स्त्रीभूमिका करणाऱ्या या पुरुषाने शब्द कुठेही मोडलेला नाही. माझ्या मते हीच त्यांची सर्वांत मोठी करामत आहे; मुरक्यांचा नंबर त्यानंतर.

मग त्याच 'मानापमान'मधली धैर्यधराची पदं, 'रवि मी' आणि 'प्रेमसेवा शरण', दीनानाथ मंगेशकरांच्या आवाजात ऐका. त्यांनी टेंब्यांच्या चाली बदलल्या आणि त्यांत पंजाबी ढंगाची, उसळणारी तान आणली. त्या बदलाबद्दल तेव्हा वाद झाले. आज ऐकताना दोन्ही बाजू समजू शकतात.

याच नाटकाचा एक प्रयोग इतिहासात राहिला आहे. जुलै 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानले जाणारे बालगंधर्व आणि केशवराव भोसले त्यात भामिनी आणि धैर्यधर म्हणून एकत्र उभे राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले.

सिनेमा: रवी जाधवांचा 'बालगंधर्व', 2011 चा. भूमिका सुबोध भावेंची, गाणं आनंद भाटेंचं, त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शालू, अत्तरं, नाटक मंडळीचा थाट आणि त्यापायी वाढत गेलेलं कर्ज हे सगळं त्यात आहे. खुद्द बालगंधर्वांना पडद्यावर पाहायचं असेल तर प्रभात फिल्म कंपनीचा 1935 चा 'धर्मात्मा' आहे. त्यात ते संत एकनाथ झालेत. 2025 साली 'संगीत मानापमान' या नावाने नवा चित्रपटही आला. तो महिना संपल्यावर पाहा, मूळ नाटक तोवर अंगवळणी पडू द्या.

चौथा आठवडा: पुन्हा अभिषेकींकडे

या आठवड्यात वाचन कमी. वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' (1964) घ्या. अभिषेकींनी इथे पदं आखूड केली आणि भावगीताच्या जवळ आणली. आशालता वाबगावकरांचं 'गर्द सभोंती रान' आणि 'अर्थशून्य भासे मज हा', रामदास कामतांचं 'गुंतता हृदय हे' ऐका. तिसऱ्या आठवड्यानंतर ऐकल्यावर ताना कुठे गेल्या आणि त्यांच्या जागी काय आलं ते स्पष्ट दिसतं.

वही चाळलीत तर गोवा सारखा समोर येईल. दीनानाथ आणि अभिषेकी दोघेही मंगेशीचे. रामदास कामत, प्रसाद सावकार, आशालता, सगळे गोव्याचे. देवळांतलं कीर्तन, कलावंत घराण्यांतलं गाणं आणि जत्रेला गावकऱ्यांनीच उभं केलेलं संगीत नाटक यांतून ही माणसं घडली. तिथल्या गावांत उत्सवातलं नाटक आजही होतं. कुणी ओळखीचं असेल तर तारीख विचारून ठेवा.

रविवारी निपुण धर्माधिकारींचा 'मी वसंतराव' (2022) पाहा. त्यात राहुल देशपांड्यांनी आपल्या आजोबांची भूमिका केली आहे. पहिल्या आठवड्यात ज्या तानेवर तुम्ही दोन दिवस घालवलेत ती तान असलेल्या माणसाला नोकरी, परगाव आणि घराण्याचा शिक्का नसल्याचे टोमणे यांतून किती उशिरा रंगमंच मिळाला ते या सिनेमात आहे.

प्रत्यक्ष प्रयोग

महिन्याच्या अखेरीस, किंवा पुढच्या महिन्यात जमेल तेव्हा, एक प्रयोग प्रत्यक्ष पाहा. राज्य शासनाची संगीत नाट्य स्पर्धा दरवर्षी होते. तिथले हौशी संघ मनापासून गातात आणि तिकीट खिशाला परवडतं. पुण्यात भरत नाट्य मंदिरात संगीत नाटकं होतात. गोव्यात कला अकादमीच्या स्पर्धा असतात. पहिल्यांदा जात असाल तर देवलांचं 'संशयकल्लोळ' निवडा. फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर घेत असलेला संशय आजही तितकाच हसवतो आणि पदं गोष्टीला अडवत नाहीत.

आदल्या दिवशी नाटक वाचून जा. शक्यतो ऑर्गन आणि तबला ज्या बाजूला असतील त्या बाजूची खुर्ची घ्या, म्हणजे नट गाऊ लागण्याआधी ऑर्गनवाला स्वर कसा पुरवतो ते दिसेल. नांदीला, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीच्या स्तवनाला, वेळेवर पोचा. उशिरा आलात तर कलाकार एकत्र गातात ती सुरुवात हुकते. 'वन्स मोअर' द्यावासा वाटला तर पद पूर्ण होऊ द्या, मग द्या. मध्यंतरात वही काढू नका, लोकांचं बोलणं ऐका: मागच्या रांगेत बसलेले आजोबा हे पद आणखी कुणाकुणाकडून ऐकलंय ते सांगत असतात. ती नावं घरी आल्यावर लिहून ठेवा. पुढच्या महिन्याची यादी त्यातूनच तयार होते.